नाल्यापलीकडची धार

गुलाबरावमामा गालावर वर्तमानपत्राचे पाच तुकडे चिकटवून बाजेवर बसले होते. रक्त काही थांबेना.

"लग्नाले जाऊन राह्यले का दवाखान्यात?" बनाबाईमामीने विचारलं.

"माह्या भाच्याले इचार. मी फक्त गाल देल्ला."

भाचा म्हणजे कचरू. तो ओट्यावर बसून वस्तरा धार लावायच्या पथरीवर असा घासत होता की कुत्री उठून गेली.

आठ दिवसांवर त्याच्या बहिणीचं, सिंधूचं लग्न. नवरदेव शाळामास्तर. वऱ्हाड गुळगुळीत गालांनी येणार आणि आमची माणसं साळिंदरासारखी उभी राहणार, हे कचरूला सहन होईना. गावात न्हावी होता, दयाराम. तो अर्जुनराव पाटलाची दाढी करायचा आणि पाटलाची म्हैसही भादरायचा. म्हैस चालायची, आम्ही बौद्ध माणसं चालायचो नाही. दाढीसाठी आम्हाला जळगाव जामोदचा बाजार गाठावा लागे. तिथूनच कचरूने वस्तरा आणि पथरी आणली आणि जाहीर केलं, की आता दाढ्या आपल्या गावात, आपल्या अंगणात होतील. ऐकून आमची छाती फुगली. पण त्याचा हात कुऱ्हाडी घासण्यात तयार झालेला.

आमची वस्ती आणि दयारामचं घर यांच्यामध्ये एक कोरडा नाला. पलीकडच्या काठावर निंबाखाली दयाराम आमच्याकडे पाठ करून बसायचा. त्या दिवशी मात्र त्याच्या कानाला ते सोसेना.

"अबे कचऱ्या, वस्तरा घासून राह्यला का नांगराचा फाळ?"

"तुमाले काय करा लागते, काका? तुमी थोडीच आमची दाढी करता."

"नसंन करत. पन मले कान हाये ना बे! जनावराचा गळा कापल्यावानी आवाज येऊन राह्यला."

घरातून त्याची बायको सत्यभामाबाई ओरडली, "कोनासंग बोलून राह्यले?"

"निंबासंग!" दयाराम म्हणाला, आणि पाठ न वळवता निंबाला सांगू लागला, "वस्तऱ्याची पाठ अन धार दोनी पथरीवर टेकव. पानी टाक. धार पुढं ठेवून चालव. पलटवतानी पाठीवरून पलटव. अन दाबू नको बे! वस्तऱ्याचं वजन वस्तऱ्याले पुरते."

कचरूने दाब काढला. खरखर कमी झाली.

"डावीकडून जाडा आवाज येते. दोनीकडून सारखा पाह्यजे."

असे सात दिवस गेले. वैशाखाच्या उन्हात तो निंब भलताच शहाणा झाला. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा उलटा, पाठ पुढे ठेवून घासायचा, म्हणजे पलाटायचा, हेही त्याला कळलं. सातव्या दिवशी पथरीवरून रेशमावर बोट फिरवल्यासारखा आवाज आला. पलीकडून दयारामने एकही खोट काढली नाही आणि कचरू समजला. मामांनी पुन्हा गाल दिला. या खेपेला वर्तमानपत्र लागलं नाही.

लग्नात आमचे गाल पाहून मास्तरांचं वऱ्हाड दबकलं. आम्हाला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ते गाल पाटलानेही पाहिले. त्याने दयारामला सुनावलं, "त्याइचे थोबाडं पाह्य अन माहं पाह्य. रविवारी जावाई येऊन राह्यला. त्याले ओरबाडलं तं वरवट बकालहून न्हावी आनीन."

दयारामचा हात वर्षभरापासून थरथरत होता. थरथरणारा हात पथरीवर दाबला जातो आणि धार बिघडते, हे त्याला ऐकूही येत होतं. शनिवारी दुपारी तो वस्तरा घेऊन नाला उतरला आणि आमच्या बाभळीपुढे उभा राहिला.

"बाभळीबाई, एवढी धार लावून दे."

"बाभूळ नाई लावत," कचरू म्हणाला. "आना इकडं."

त्याने धार लावली, पट्ट्यावर पलाटली. "धार गालावर समजते. बसा."

दयारामने चारी बाजूंना पाहिलं आणि बसला. "बोट नको लावू पन. नुसता वस्तरा लाव."

कचरूने बोट न लावता दोन्ही गाल केले. मिशीशी आल्यावर तो थांबला.

"काका, आता?"

दयारामला आता काय ते ठाऊक होतं. अख्ख्या गावाची नाकं धरून त्याने मिशा कोरल्या होत्या, पाटलाचंसुद्धा. ओठावरचा साबण वाळायला लागला.

"धर बे," शेवटी तो म्हणाला.

कचरूने चिमटीत नाक धरलं. अगदी हलकं, न दाबता. तेवढ्यात पलीकडून सत्यभामाबाईची हाक आली, "अवो, तिकडं कोनासंग बोलून राह्यले?"

दयारामने डोळे मिटले आणि धरलेल्या नाकातून गेंगाण्या आवाजात ओरडला,

"कचरूभाऊसंग!"