झोळी ताणायची नसते

माझी थोरली जाऊ गोजरबाई बैलगाडीवरून पडली, तेव्हा तिच्या तोंडून आधी देवीचं नाव निघालं आणि मग किंकाळी. मी गाडीत तिच्या शेजारीच बसले होते, म्हणून मला ठाऊक. पुन्हा पायावर उभी कर, नऊ दिवस तुझ्या दारात येऊन राहीन, असं ती धुळीत पडल्या पडल्याच बोलली. देवीनं ऐकलं. कंबर सांधली, गोजरबाई चालू लागली, डोईवर पाणी आणू लागली. एक गोष्ट मात्र राहिली ती राहिलीच. जमिनीवर बसली की तिला आपलं आपण उठता येईना. ओट्यावरून उठायची, बाजेवरून उठायची, पण जमिनीवरून उठवायला दोघी लागत.

आता अडचण अशी, की आमच्या गावामागच्या डोंगरावरची देवी नवरात्रात घटी बसते आणि त्या दिवसांत तिथं मुक्काम करणाऱ्या बाईनं बाजेवर पाठ टेकायची नाही, असा नेम आहे. पार मोताळ्याकडून बायका येतात, देवळाखालच्या निंबांच्या सावलीत पथाऱ्या टाकतात, एक वेळ फराळ करतात. पहाटेच्या आरतीला जिनं तिनं आपल्या पायांनी उभं राहायचं.

दोन नवरात्रं अशीच गेली. गोजरबाईनं विषय काढायचा आणि आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे तिच्या मालकांनी, नाही म्हणायचं. रंगराव माणूस वाईट नव्हते. ती दवाखान्यात होती तेव्हा ते तिथल्या ओसरीतून हलले नव्हते. पण लोकांच्या हसण्याला फार भ्यायचे. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती, त्या सालातला पोळा उरकला आणि तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा जेवता जेवता म्हणाले,

"बसल्या गाईवानी चार बाया तुले धरून उठवतीन, अन् मी तिथं उभा राहून पाहू?"

गोजरबाई मागच्या दारी गेली. मी पाठोपाठ गेले तर भिंतीला टेकून उभी होती. मला म्हणाली, "रुख्मिणी, मी देवीले खोटी पडून राह्यली."

माझा रोजचा नेम एक दिवस चुकला तर मला घास उतरत नाही. तिनं दोन वर्षं ते ओझं वागवलं होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मार्ग दाखवला तो माझ्या भावानं. इंद्रभान जंगल खात्यात होता. भादव्यात आम्हाला भेटायला आला आणि जंगलातल्या मुक्कामाच्या गोष्टी सांगत बसला. खाली ओल, विंचूकाटा, म्हणून ते लोक दोन झाडांना झुला बांधून त्यात निजतात म्हणे. मी वाती वळत होते, ते हात थांबले. जमीनही नाही आणि बाजही नाही. गोजरबाईला निजायला तशीच झोळी बांधता येईल.

पण आपल्या सोयीनं नेम वाकवायचा नसतो. मी आधी सरस्वतीबाईकडे गेले. डोंगरावर मुक्कामाला राहणाऱ्या बायकांत ती सगळ्यांत जुनी, तिच्या शब्दाबाहेर तिथं कोणी नसे. तिनं सगळं ऐकून घेतलं, झोळीला पाय असतात का म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले. तिनं तपकिरीची चिमूट ओढली.

"लेकरू निजते तिच्यात. तिले बाज कोन म्हनन? देवीपुढं आपुन सारे लेकरंच. येऊ दे तिले."

भासऱ्यांशी मी कधी समोर जाऊन बोलत नसे. त्या दिवशी दाराआडून, डोक्यावरचा पदर पुढं ओढून, मीच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अट घातली. घट बसतील त्या रात्री ते गाडी घेऊन डोंगराखाली थांबतील. सकाळी गोजरबाई कोणाचा हात न धरता उठून आरतीला उभी राहिली, तर तिनं सगळे दिवस राहावं. कोणी नुसतं बोट लावलं तरी गाडीत बसायचं, आणि हा विषय पुन्हा आयुष्यात काढायचा नाही.

गोजरबाईनं आतून हाव म्हणून होकार दिला.

झोळी कशाची करायची, हे ठरवणं सोपं वाटलं होतं. गोठ्यामागं दोन निंब आहेत, तिथं आम्ही बांधून पाहायला लागलो. पहिला मान इंद्रभानच्या झुल्याचा. हिरव्या दोरीचं मिलिटरीचं जाळं, घडी केली तर पिशवीत मावेल एवढं. त्यात दोन गडी बसले तरी तुटत नाही, असं तो छाती पुढं काढून सांगत होता. तुटलं नाहीच. पण गोजरबाई आत बसली तशी ते चहूकडून तिच्या अंगाला आवळलं, पायाची जोडवी एका गाठीत अडकली आणि हातातल्या बांगड्या दुसरीकडे.

"मी जाळीतल्या कोहळ्यावानी दिसून राह्यली," ती आतून म्हणाली, आणि मग आम्हाला हसू आवरेना. इंद्रभान ओशाळून म्हणाला, जंगल खात्यात कोणी जोडवी घालत नाही. तिला सोडवायला बराच वेळ गेला. नवरात्रात सवाशिणीनं जोडवी काढून ठेवायची, हे होणं नव्हतं. जाळं परत पिशवीत गेलं.

मग गोणपाट. बळकट खरं, पण गोजरबाईच्या हातापायांना खाज सुटली. तरी म्हटलं, वर चादर घालू. मी ते रात्रभर तसंच टांगून ठेवलं. सकाळी पाहिलं तर दव पिऊन जड झालेलं आणि ओल्या जनावरासारखा वास. डोंगरावर दव आणखी जास्त. तेही गेलं.

माझं एक जुनं लुगडं फार मऊ होतं. चौपदरी करून बांधलं. गोजरबाईनं टेकायच्या आधी हातानं दाबून पाहिलं, हसून मान डोलावली, बसली, आणि चर्रकन आवाज झाला. आम्ही दोघा बहीणभावांनी तिला उठवलं. कुंपणापलीकडून तानुबाई पाहत होती. आमची ही शेजारीण पोटात काही ठेवणारी नव्हे. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

शेवटी पेटीतून दोन पासोड्या काढल्या. पासोडी म्हणजे दुहेरी जाड सुताचं पांघरूण, थंडीत माणसं अंगावर घेतात ते. मऊपण होतं आणि दमही होता. एक पासोडी रुंदीला अपुरी पडत होती, म्हणून दोन्हींच्या कडा मी दुहेरी टाक्यानं जोडल्या. दोराला मोटेचा नाडा घेतला, भरली मोट विहिरीतून वर आणणारा तो दोर गोजरबाईला काय भिणार! झाडाला काचू नये म्हणून बुंध्याला गोणपाट गुंडाळलं. तेवढ्यापुरतं ते कामी आलं.

इतकं होईपर्यंत भासरे लांबून पाहत होते. झोळी मधोमध लोंबत होती, आणि ते त्यांना पाहवेना. त्यांच्या हातची बाज गावात नावाजलेली, अशी ताठ की वर पैसा टाकला तर उडावा. लोक दोर आवळून घ्यायला त्यांच्याकडे बाजा आणत. अशी ढिली कोणी बांधतं का, असं पुटपुटत ते आले, बुंध्याला पाय लावला आणि नाडा असा ओढला की झोळी तंगून फळीसारखी झाली. आम्हालाही तेच बरोबर वाटलं. आमच्या घरात ढिलं अंथरूण म्हणजे आळशी माणसाचं अंथरूण.

गोजरबाई वर आडवी झाली. क्षणभर राहिली. मग पासोडी लाटण्यासारखी गरकन फिरली आणि ती पलीकडच्या अंगाला खाली आली.

भासऱ्यांनीच धावत जाऊन तिला उचललं. पाठीची माती झटकली. आणि माझ्याकडे असं पाहिलं की आता पुरे. घट बसायला चार दिवस राहिले होते. ते गोठ्यात निघून गेले आणि मी नाडा सोडायला हात घातला.

गोजरबाईनं माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "पाच लेकरं निजवली मी. कोनाची झोळी कदी तानून बांधली का आपुन?"

मी पाहतच राहिले. खरंच, तान्ह्याची झोळी सैल असते, खोलगट असते, म्हणून तर लेकरू पडत नाही. आम्ही माणूस मोठं म्हणून बाजेचा कायदा लावत होतो. तिनं नाडा स्वतः सैल करवला, आणखी सैल, बसल्यावर तिच्या पायाचा तळवा पुरता जमिनीला टेकेल इतकी झोळी खाली घेतली. मग ओट्यावर बसावं तशी आधी बसली. आणि निजली ती सरळ नाही, तिरपी. डोकं एका काठाकडे, पाय दुसऱ्या काठाकडे. लेकरालाही आपण असंच घालतो, नाहीतर ते मुटकुळं होतं. तिरपं होताच पासोडी तिच्याखाली पसरली आणि पाठ सपाट झाली. दुखतं का म्हणून मी विचारलं. गोजरबाई दिवसाढवळ्या घोरत होती.

उतरताना ती आधी बसती झाली, पाय टेकवले, एका हातानं नाडा धरला आणि पुढं झुकून उभी राहिली. एकटी. मला ते पुन्हा करून दाखव म्हणायचा धीर झाला नाही, तिनंच पुन्हा करून दाखवलं.

घट बसले त्या दिवशी आम्ही डोंगर चढलो. निंबांना झोळी बांधताना बायका गोळा झाल्या. तानुबाईनं विचारलं, "काहो गोजरबाई, बारसं हाय का?"

"हाव. घुगऱ्या शिजवून ठेवा, नाव सकाळी सांगतो."

सगळ्या हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं.

मी तिच्या पायाशी पथारी टाकली. पहाटे देवळातली घंटा झाली तेव्हा आजूबाजूला कण्हणं सुरू झालं, कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, एकमेकींचे हात धरून बायका उठत होत्या. भासरे पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन उभे होते, अनवाणी, पागोटं नीट बांधलेलं. मी माझे दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते, चुकून पुढं जाऊ नयेत म्हणून, आणि तोंडानं देवीचं नाव घेत होते.

झोळी हलली. गोजरबाई बसती झाली. पाय खाली आले, तळवे मातीला टेकले. नाड्यावर हात पडला. पुढं झुकली, आणि मध्येच थांबली. भासऱ्यांचा एक पाय पुढं पडला.

"तिथंच राहा," ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली.

ते थबकले. गोजरबाईनं श्वास घेतला आणि उठली. सरळ, निंबाच्या बुंध्यासारखी. लुगड्याचा काठ झटकला, डोक्यावर पदर घेतला आणि पायऱ्या चढू लागली. बाकीच्या अजून पथाऱ्याच गुंडाळत होत्या. देवळाच्या दारात सरस्वतीबाई ताट घेऊन उभी होती. दर वर्षी पहिली आरती तीच करायची. तिनं गोजरबाईला खालून वरपर्यंत पाहिलं आणि ताट तिच्या हातात दिलं.

माझा आवाज लहान आहे, आरतीत तो कधी कोणाला ऐकू जात नाही. त्या दिवशी मी गळा मोकळा सोडला. गोजरबाईच्या हातात ताट फिरत होतं, उजेड तिच्या तोंडावर येत होता, आणि ती रडत नव्हती, हसत होती, देवीकडे पाहून, देणं चुकवणाऱ्या माणसानं वर मान करून हसावं तशी.

आरती झाली. भासरे अंगारा घ्यायला पुढं आले तेव्हा तिनंच त्यांच्या कपाळाला लावला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण बायका ऐकत होत्या. गाडी जुपतो म्हणाले.

"जुपा," गोजरबाई म्हणाली. "रिकामी न्या. दसऱ्याले या."

त्यांनी मान हलवली. पायऱ्या उतरताना खालून वर येणाऱ्या माणसांना ते सांगत होते, आमच्या घरची बाई आज पहिली उठली, पहिली आरती तिनं केली. आम्हाला वरपर्यंत ऐकू येत होतं. तानुबाई तोवर झोळीपाशी गेली होती आणि बसून पाहू का म्हणून विचारत होती.