यीस्टच्या भिंतीतल्या फॉस्फेटेजची तक्रार

मित्रांनो, मी यीस्टच्या पेशीच्या भिंतीत राहणारा एक जुना फॉस्फेटेज आहे. जातीने विकर, म्हणजे एन्झाइम, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे.

माझा जन्म टंचाईतला. फॉस्फेट मुबलक असलं की पेशी आम्हाला विचारत नाही. ते संपलं की तिची धावपळ सुरू होते. तिने अमिनो आम्लांची लांब माळ ओवली, तिच्या घड्या घातल्या, वर साखरेचा जाड अंगरखा चढवला आणि मला भिंतीत नेऊन बसवलं. माझ्या अंगात एक खाच आहे. बाहेरच्या रेणूंना चिकटलेलं फॉस्फेट मी त्या खाचेत धरतो, तोडतो आणि पेशीसाठी मोकळं करतो. उपाशी पेशी जगते ती आमच्या जिवावर!

एका प्रयोगशाळेत चार चंबूंमध्ये आमची पेशीकुळं वाढत होती. तिथल्या संशोधक ताईंनी आम्हाला मुद्दाम फॉस्फेटविना ठेवलं होतं. मग परीक्षा. बिनरंगी पदार्थातलं फॉस्फेट आम्ही तोडायचं, आणि ते तुटलं असेल तरच शेवटी सोडा घातल्यावर पिवळा रंग दिसायचा. पण काहीही धुवायचं तर एकच बाटली उचलायची, ही तिथली सवय. त्या बाटलीत होतं फॉस्फेटचंच द्रावण! ताईंनी त्यातच आम्हाला धुतलं, त्यातच चाचणी घेतली. माझ्या खाचेत फॉस्फेट ठाण मांडून बसलं. मी काम करू तरी कसं?

रंग आला नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "निकामी आहेत सगळे. उकळून टाक."

तीन चंबू वाफेच्या भांड्यात गेले. माझ्या असंख्य भावांच्या घड्या उलगडल्या आणि ते संपले.

माझा चंबू उचलताना ताईंची नजर बाटलीवर गेली. "अगं बाई! सर, थांबा. आपण यांना फॉस्फेटमध्येच बुडवलंय!"

"मग? आपण नेहमी त्यातच धुतो की."

"तेच तर चुकलं ना!"

त्यांनी आम्हाला फॉस्फेट नसलेल्या द्रावणात तीनदा धुतलं आणि पुन्हा चाचणी घेतली. नळी पिवळीधमक झाली.

"वा, सुधारले की!" सर म्हणाले.

सुधारले? बिघडलो कधी होतो आम्ही?

मित्रांनो, कुणाला आळशी ठरवण्याआधी आपणच त्याच्या वाटेत काय आणून ठेवलंय ते बघा. ताईंनी वहीत 'चूक माझी' असं लिहिलं. त्यांच्यावर माझा राग नाही. पण उकळलेल्या तीन चंबूंपुढे सरांच्या अक्षरात अजून 'निकामी' असं लिहिलेलं आहे. तेवढं खोडा. माझे भाऊ कामाचे होते.