ओट्यावरची दुसरी सही

मी ओटा बोलतोय. स्वयंपाकघरातला, काळ्या दगडाचा, एका कोपऱ्यावर कुकरच्या बुडाचा पांढुरका डाग पडलेला. दगडाला काय कळतंय, असं तुम्ही माणसं म्हणता. कळतं. चेहरा नसल्यामुळे दिसत नाही, इतकंच.

खाणीतून मला काढलं, कारखान्यात करवतीखाली कापलं, घासूनपुसून चकचकीत केलं आणि दुकानात भिंतीला टेकवून ठेवलं. तिथे एक दिवस भाऊ-बहीण आले. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने माझ्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "हाच."

"काळा नको रे दादा," बहीण म्हणाली. "पिठाचा कण न् कण दिसेल."

"दिसू दे. म्हणजे पुसशील."

"दिवसभर दवाखान्यात लोकांच्या जखमा पुसते, आता घरी येऊन दगड पुसू?"

पण पुढे मला रोज पुसलं ते तिनेच. ती परिचारिका होती. दादाची बायको गेली तेव्हा दोन पोरं हाताशी होती, मुलगी शाळेत जाणारी आणि मुलगा दुपट्यातला. बहीण चार दिवसांसाठी म्हणून आली आणि कायमची राहिली. पोरांची ती आत्या, म्हणून मीही तिला आत्याच म्हणतो. मुलीला सगळे मनी म्हणायचे. मुलगा बोलायला उशिरा शिकला, म्हणून त्याचं नाव पडलं ठोंब्या. पुढे तो इतका बोलायला लागला की कुकरची शिट्टी ऐकू येईना, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

घर दोघांच्या कमाईवर उभं राहिलं. दादाचा पगार घराच्या हप्त्यांत जायचा आणि आत्याचा माझ्यावर यायचा. धान्य, दूध, भाजी, तेल, पोरांचे डबे. हप्त्यांच्या पावत्या फाइलमध्ये राहिल्या, त्यावर दादाचं नाव होतं. माझ्यावर आलेलं सगळं खाऊन संपलं. घराच्या कागदावर एकट्या दादाचं नाव होतं, कारण कर्ज काढताना ते सोपं पडलं. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मग दादाच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. आदल्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरात आला, मला कोरड्या फडक्याने पुसलं आणि माझ्यावर कागद ठेवून मृत्युपत्र लिहायला बसला. बसला म्हणजे उभाच होता. बाहेर टेबल होतं, पण त्यावर ठोंब्याचे रंग पसरले होते.

अक्षर त्याचं देखणं. घर दोन्ही मुलांना सारखं, असं त्याने लिहिलं. पुढे लिहिलं की माझी बहीण हयात असेपर्यंत याच घरात राहील आणि तोवर घर कुणाला विकता येणार नाही की गहाण टाकता येणार नाही. आत्याला वाचून दाखवताना या ओळीला तो थांबला, पाणी प्याला आणि पुढे गेला.

साक्षीदार दोन लागतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यांच्यासमोर आपण सही करायची आणि मग त्यांनी करायची. समोरच्या दारातले ड्रायव्हरकाका बनियनवर शर्ट चढवत आले. दुसरा त्याच्या कामावरचा जोडीदार यायचा होता. त्याचा फोन आला, दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली आहे, आत माणसं आहेत, सुटका झाली की येतो.

"आता याची वाट बघत बसू?" दादा म्हणाला. "मला दवाखान्यात जाऊन पडायचंय आज."

"आमच्या हिला बोलावलं असतं," ड्रायव्हरकाका म्हणाले, "पण ती बाजारात गेलीय."

आत्या माझ्या दुसऱ्या टोकाला कांदा चिरत होती. दादाने तिच्याकडे पाहिलं.

"तू कर सही."

"मी? माझंच तर नाव आहे त्यात."

"म्हणूनच. तुझ्याइतकं भरवशाचं कोण आहे मला?"

तिने ओढणीला हात पुसले. आधी दादाने सही केली, मग ड्रायव्हरकाकांनी, मग तिने. कागद सरळ राहावा म्हणून तिने डावा हात माझ्यावर दाबून धरला होता. हात गार होता.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. दादा परत आला, पुढे कितीतरी वर्षं जगला. पथ्याचं जेवण बघून नाक मुरडायचा, मनीच्या लग्नात चर्चच्या अंगणात आत्या नको नको म्हणत असताना नाचला. तो कागद आत कपाटात होता. कधी विषय निघालाच तर म्हणायचा, "ते काम झालंय." एखाद्या जाणकाराला दाखवून घ्यावं, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. झालेलं काम कोण पुन्हा काढतं?

तो गेला तो एका दुपारी, कामावर, जिन्यात बसल्या बसल्या.

आत्या रडली नाही. सकाळी उठायची, गॅस पेटवायची, चिरायचं ते चिरायची. कांदा चिरतानाही तिच्या डोळ्यांना पाणी येईना. मनी आईसारखी मागे मागे फिरायची, "आत्या, जरा पड ना." आत्या म्हणायची, "पडते," आणि भांडी घासायला घ्यायची.

पुढे एक वकीलबाई घरी आल्या. त्यांच्या आईची आत्याने शेवटच्या आजारपणात सेवा केली होती, म्हणून त्या आपणहून आल्या. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यांनी कागद वाचला.

"छान लिहिलाय," त्या म्हणाल्या. मग कागद डोळ्यांजवळ नेला. "सिस्टर, ही दुसरी सही कुणाची?"

"माझी."

वकीलबाईंनी कागद माझ्यावर ठेवला. ठोंब्या म्हणाला, "काय झालं?"

"तुमच्यासारख्या ख्रिस्ती घरांना जो कायदा लागतो, त्यात ज्याला काही मिळायचंय, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. झाला, तर त्याला दिलेलं तेवढं रद्द होतं. बाकीचा कागद टिकतो. म्हणजे घर तुम्हा दोघांचं. यांच्या राहण्याची जी ओळ आहे, ती नाही धरली जाणार."

"पण बाबांनी स्पष्ट लिहिलंय," मनी म्हणाली.

"लिहिलंय. समोरच्या काकूंनी सही केली असती तर चाललं असतं. रस्त्यावरच्या कुणाही सज्ञान माणसाने केली असती, तरी चाललं असतं."

आत्या मला पुसत होती. पुसलेलीच जागा पुन्हा पुसत होती.

वकीलबाईंनी वाटही सांगितली. दोघा मुलांनी मिळून आत्याच्या नावे राहण्याचा हक्क लिहून द्यावा, त्याची रीतसर नोंदणी करावी, प्रश्न मिटला. मनी म्हणाली, "आणा कागद, मी आत्ता सही करते."

ठोंब्याचा चेहरा पडला. "लिहून कशाला द्यायचं? मी काय आत्याला बाहेर काढणार आहे? परक्यांसारखं काय हे?"

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. माझ्यावर बसवून आत्याने त्याला भरवलंय. त्याला खरंच लागलं होतं.

"विश्वासाचा प्रश्न नाही हो," वकीलबाई म्हणाल्या.

"मग कशाचा आहे?"

तेव्हा आत्या बोलली. "राहू दे. पोरं माझीच आहेत." आणि चहाचं आधण ठेवलं.

वकीलबाईंनी चहा घेतला. जाताना मनीला दारात म्हणाल्या, "विचार करा अजून." विचार राहूनच गेला. मनी आपल्या गावी गेली, ठोंब्या आपल्या दुकानात.

ठोंब्याचं दुकान फलक छापायचं होतं. बरं चाललं होतं. मग त्याला मोठं यंत्र घ्यायचं मनात आलं. बँकेने तारण मागितलं. कागद घेऊन तो माझ्यापाशीच आला.

"आत्या, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. लगेच सोडवतो घर. मनीशी बोललोय, ती सही करतेय."

"बरं," आत्या म्हणाली. "जेवून जा."

तिची सही कुठे लागणार नव्हती. त्या कागदांत तिचं नावच नव्हतं. दादाची ती ओळ जिवंत असती, तर बँकेने घर तारण घेतलंच नसतं, आणि ठोंब्याने यंत्राचा नाद सोडला असता. थोडे दिवस चरफडला असता, इतकंच.

यंत्र आलं, काम मात्र आलं नाही. लांबलचक सांगण्यासारखं त्यात काही नाही. बँकेची माणसं सभ्य होती. बूट बाहेर काढून आत आली, मोजमाप करून गेली. घर गेलं. भांडण झालं नाही. आवाज चढला नाही. झालं असतं तर मला निदान कळलं असतं की काहीतरी घडतंय.

सामान आवरायला ठोंब्या आला. बरण्या एकेक करून खोक्यात भरत होता. मध्येच थांबला.

"आत्या, बोल ना काहीतरी. शिव्या दे मला."

"झाकणं नीट लाव," ती म्हणाली. "तेल सांडेल."

तो तिथेच फरशीवर बसला. ती त्याच्या शेजारी बसली नाही, उठही म्हणाली नाही. उरलेल्या बरण्या तिने स्वतः भरल्या.

बँकेला किल्ली द्यायला मनी आली तेव्हा ड्रायव्हरकाकांनी दारातच विचारलं, "आत्या कशी आहे गं?"

"बरी आहे. आमच्याकडे गॅलरीला काचा लावून खोली केलीय तिला," मनी म्हणाली. "पण काका, कप घेतानासुद्धा विचारते, हा घेऊ का म्हणून. माझ्या घरात. मला विचारते."

ड्रायव्हरकाका आपल्या दाराकडे वळले. दादाच्या त्या कागदावर त्यांचीही सही होती.

नव्या माणसांना नवं स्वयंपाकघर हवं होतं. गवंड्याने मला छिन्नीने सोडवलं. मोडलो नाही, म्हणून त्याने मला एका दुकानापुढच्या पायरीला बसवलं. आता माझ्यावर पाय पडतात. त्याचं मला काही वाटत नाही. हल्ली कशाचंच फारसं वाटत नाही.

तरी एक सांगायचं राहतं. तुमच्या माघारी कुणाला छप्पर राहावं असं वाटत असेल, तर ते लिहा. साक्षीला अशी दोन माणसं बोलवा, ज्यांना त्यातलं काहीच मिळणार नाही. लिहिलेलं जाणकाराला दाखवा. आणि कागद करताना जे प्रेमाने म्हणतील की राहू दे, त्यांचं तेवढं एक ऐकू नका.

काल सकाळी एक नवरा-बायको माझ्यावर टेकले होते. ती म्हणाली, "घराचं एकदा लिहून ठेवायला हवं हो. तुमच्या आईचं काय, ते पण."

"ठेवू की," तो म्हणाला. "आपल्यात कोण परकं आहे?"

मी त्यांच्या खालीच होतो. त्याने बुटाची नाडी बांधली आणि दोघं उठून गेले.