दोन बोटं कमी

अकरा

माझ्या घरापासून बाबांच्या घरापर्यंत अकरा गतिरोधक. लोकांना नातेवाइकांचे वाढदिवस पाठ असतात तसे नवऱ्याला ते पाठ आहेत. त्याची गाडी खाली बसवलेली आहे. म्हणजे मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड घातल्या, चाकं रुंद घातली आणि गाडीचं पोट रस्त्यापासून चार बोटांवर आणून ठेवलं. चार बोटं, आडवी, अंगठा सोडून. माझी. त्याचे हात ग्रीसने भरले होते म्हणून त्या दिवशी गाडीखाली हात मी घातला.

ओलांडायची रीत अशी. लांबूनच वेग सोडायचा. सरळ जायचं नाही, तिरकं जायचं, एका वेळी एकच चाक वर. रेडिओ बंद, कारण पोट घासलं तर ऐकू यायला हवं. मागून कोणी हॉर्न वाजवला तर आरशात बघायचं नाही. चौथ्याला आणि नवव्याला बायकोने खाली उतरायचं. वजन कमी झालं की गाडी बोटभर वर येते. मी उतरायचे, चालत पलीकडे जायचे, उभी राहायचे, परत बसायचे. अंगात ताप असला तरी.

"मी जाड झालेय का रे?"

"तू नाही गं. रस्ता जाड झालाय."

आम्ही हसायचो. हे आता लिहिताना विचित्र वाटतं, पण हसायचो.

बारा

बारावा बाबांच्याच गल्लीत व्हायचा होता. बाबा रस्ते खात्यात मुकादम, डांबर टाकणारी सहा माणसं त्यांच्या हाताखाली. निवृत्तीला आठ महिने राहिलेले.

तो मागितला शिंपीणकाकूंनी. त्या बाबांच्या समोर राहायच्या, तळमजल्यावर दुकान. माझ्या शाळेच्या गणवेशापासून सगळं त्यांनीच शिवलं. गल्ली दोन मोठ्या रस्त्यांच्या मधली, म्हणून सामान पोचवणाऱ्या गाड्या वेळ वाचवायला त्यातून सुसाट जायच्या. गळ्यात टेप तशीच ठेवून काकू दारोदार फिरल्या आणि बावन्न सह्या आणल्या. त्यात एक बाबांची.

"दहा सेंटिमीटरचा करणार आहेत," नवरा म्हणाला. "दहा म्हणजे चेंबर फुटलंच. सगळं ऑइल रस्त्यावर. मी काही येणार नाही आता तुमच्याकडे. तू बसने जात जा."

आई दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली. फोनवर तिला कळलं की जावई आता यायचे नाहीत.

"भांडलात का?"

"नाही गं. गतिरोधक होतोय."

"बरं," आई म्हणाली, आणि रडायला लागली. असलं कारण कोणती आई खरं मानेल?

मी बाबांना वेगळा फोन केला.

"बाबा, दोन बोटं कमी करता येईल का?"

"कशात?"

"उंचीत."

"जावईबापूंच्या पालीसाठी?" गाडीला ते पाल म्हणतात, जमिनीला चिकटून चालते म्हणून.

"आईसाठी."

"बघतो."

बाबा 'बघतो' म्हणाले की ते काम झालेलं असतं.

पाच

माझी दोन बोटं म्हणजे तीन सेंटिमीटर. हे मी नंतर पट्टी घेऊन मोजलं. दहातून तीन गेले, उरले सात. तिरकी घातली तर सातावरून आमची गाडी कशीबशी जाते. मी एवढाच हिशोब केला होता, आणि तोही नीट नाही.

बाबांचा हात चौतीस वर्षं डांबरातला. बोटं काकडीसारखी. गतिरोधकाची उंची ठरवायला त्यांच्याकडे लाकडी साचा असतो. त्या साच्यावर त्यांनी आपली दोन बोटं आडवी ठेवली, पेन्सिलने रेघ मारली आणि करवतीने कापलं. त्यांची दोन बोटं पाच सेंटिमीटर भरतात.

पहिल्यांदा आम्ही आलो तेव्हा नवऱ्याने मला उतरवलंसुद्धा नाही. गाडी लाटेवर होडी जावी तशी गेली. आईने त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, त्याला चहासुद्धा धड पिता येईना.

काकू दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या.

"काय जावईबापू, गाडी रस्त्यावरून आणलीत की रस्त्याखालून?"

"तुमच्या आशीर्वादाने वरून, काकू."

मग त्या बाबांकडे वळल्या. आवाज तोच, पण त्यात हसू नव्हतं. "मुकादम, मी गतिरोधक मागितला होता. तुम्ही उशी दिलीत."

"बसेल हळूहळू," बाबा म्हणाले.

"अहो, बसेल म्हणजे अजून खालीच जाईल ना? गाड्या थांबत नाहीत हो. मी दिवसभर इथं बसून बघते."

बाबांनी चपला घातल्या आणि घरात जाण्याऐवजी बाहेर निघून गेले.

बुधवार, सकाळचे अकरा

पाण्याचे जार नेणारी व्हॅन. काकू शिवलेला कोट हातावर घेऊन रस्ता ओलांडत होत्या. गिऱ्हाईक पलीकडे उभं होतं. व्हॅन गतिरोधकावरून आली.

काकू जागीच गेल्या.

व्हॅनवाल्याने पोलिसांना सांगितलं, "मला गतिरोधक लागलाच नाही." सगळ्या गल्लीने ते ऐकलं आणि माणूस किती निर्लज्ज असतो ते बोलून दाखवलं. गतिरोधक तर समोर होता, पांढरे पट्टे मारलेला.

तो खरं बोलतोय हे दोन माणसांना माहीत होतं.

पुन्हा पाच

तिसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. गाडी गल्लीत आत लावली. आईला अजून सांगितलं नव्हतं. ती विचारत होती, शिलाई मशीनचा आवाज का नाही. खात्यातल्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी बाबांच्या शेजारीच होते. साहेबांचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"उद्या सकाळी माप घ्यायला येतो. पोलिसांना द्यायचंय. दहा निघेल ना, मुकादम?"

"निघेल साहेब."

दुपारी बाबा दोन माणसं आणि हातगाडीभर गरम डांबर घेऊन आले. मी आडवी उभी राहिले.

"बाबा, नका करू."

"बाजूला हो. भाजेल."

"त्या व्हॅनवाल्याचं काय?"

"तो जोरात आला ना? आला की नाही?"

"आला. पण त्याला जाणवलं नाही."

"मग मी काय सांगू? पोरीने दोन बोटं मागितली म्हणून?" त्यांनी फावडं खाली टेकवलं. "नाव तुझंही येईल. तुझी आई त्या खोलीत पडलीय, तिला कोण बघेल?"

"मी माझी दोन बोटं मागितली होती. तुम्ही पाच सेंटिमीटर काढलंत."

बाबांनी आपल्या हाताकडे बघितलं. खरंच बघितलं, उलटा करून, सुलटा करून. तोपर्यंत त्यांना हे लक्षातच आलं नव्हतं.

मग त्यांनी डांबर ओतलं.

नवरा दारात आला. "अहो, पण हे दहा झालं तर मी गाडी बाहेर कशी काढू?"

बाबा फावड्याने डांबर पसरत राहिले.

"म्हणजे, दोन फळ्या मिळाल्या तर चाकांखाली टाकून... काकूंच्या दुकानात कापड कापायचं टेबल..." एवढं बोलून तो थांबला. त्याचं त्यालाच ऐकू आलं. मग आत जाऊन तो आईच्या उशाशी बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही.

दहा

रात्री आम्ही तिथेच राहिलो. सकाळी आलेल्या साहेबांनी गुडघेदुखीमुळे वाकायचं टाळलं. गतिरोधकावर आडवी ठेवलेली काठी साहेबांनी एका बाजूला बुटाने दाबून धरली, दुसऱ्या बाजूला बाबांनी टेप लावली.

"किती?"

"दहा."

साहेबांनी लिहिलं. नवं डांबर काळंभोर होतं, अजून त्याला वास होता. ते बघायला चष्मा लागत नव्हता.

"साहेब, काल हा पाच होता," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाबांकडे बघितलं.

"पोर आहे माझी," बाबा म्हणाले. "काकूंचा फार लळा होता. तीन दिवस झोपलेली नाही, काहीतरी बोलते."

"साहजिक आहे," साहेब म्हणाले, आणि वही मिटली.

आजवर बाबांनी मला कधी खोटं पाडलं नव्हतं. शाळेत मास्तरांपुढेही नाही. साहेबांची गाडी गेली. बाबा टेप गुंडाळत होते, ती सारखी सुटत होती.

"जा," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. "तुला जायचं असेल तर जा. माझ्याच्याने होत नाही. पण मी तुला अडवणार नाही."

नवरा कोपऱ्यावरच्या बांधकामावरून दोन फळ्या मागून आणत होता. मी त्याच्यासाठी थांबले नाही. पोलिस चौकी चालत वीस मिनिटांवर.

वय, पत्ता, नातं

चौकीतले जमादार सावकाश लिहिणारे. एक ओळ झाली की ते ती पुन्हा वाचून दाखवायचे.

"गतिरोधक पाच सेंटिमीटरचा होता असं तुमचं म्हणणं. खात्याचा कागद आलाय, त्यात दहा आहे."

"कालपर्यंत पाच होता. काल दुपारी वाढवला."

"कोणी?"

"मुकादमांनी."

"आणि मुळात कमी कोणी केला?"

"त्यांनीच."

"मुकादम तुमचे कोण?"

"वडील."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरचा माणूसही टाइप करायचा थांबला.

"बाई, हे एकदा लिहिलं की खोडता येत नाही. नोकरी जाईल त्यांची. कदाचित आतही जावं लागेल. त्या व्हॅनवाल्याने पैसे-बिसे दिलेत का तुम्हाला?"

"नाही. मी त्याला बघितलेलंही नाही."

"मग घरी जा. पाणी प्या, विचार करा, उद्या या."

"उद्या मी येणार नाही," मी म्हणाले. "आज लिहा."

त्यांनी पेन उचललं. 'वडील' लिहिलं. ओळ वाचून दाखवली.

"कमी का केला त्यांनी? पैसे खाल्ले? डांबर वाचवलं?"

"नाही. मी मागितलं होतं. आमची गाडी जात नव्हती."

"तुम्ही मागितलं आणि त्यांनी दिलं?"

"हो," मी म्हणाले. "मागितलं त्यापेक्षा जास्तच दिलं."

जमादार तेही लिहू लागले.