बऱ्या दिवसांची फाईल

"चतुर्थीला नेतो म्हन्लं ना! राजूरच्या गणपतीचं दर्शन बी होईल, मंग तसंच जालन्याला दवाखान्यात," भुजंग ओरडला.

"चतुर्थीला नऊ दिवस हायेत. तुझी बायको आज भिंतीकडं तोंड करून पडलीय," त्याची आई आसराबाई म्हणाली. "देव काय पळून चाललाय?"

दोघांच्या ओढाताणीत फाटायला आलेली ती मी. त्याच बायकोची, शिवकन्येची दवाखान्याची फाईल. पोटात चार वर्षांच्या चिठ्ठ्या. अशक्तपणा. रक्त वाढवा. झोप घ्या. सगळं ठीक.

कसं काय ठीक? आज सांगते. पाळीआधीचे आठ-दहा दिवस ही बाई विझून जाते. पाळी आली की दोन दिवसांत उठून बसते. आणि या घरात दवाखाना देवळाच्या वाटेवर! पाळी तोंडावर असली की ती चतुर्थी टळायची. डोक्यावरून न्हाऊन झाल्यावरच गाडी निघायची. डॉक्टरपुढं बसायची ती भांग पाडलेली, हसरी. बोलायचा नवरा. "जरा चिडचिड करती." झालं.

मागच्या खेपेला डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी नवऱ्याला बाहेर बसवलं आणि पाळीआधीचं विचारलं. म्हणाल्या, "हा बहुतेक पीएमडीडी आहे. नाटक नाही, पाळीआधी मन पार खचवणारा आजार आहे. औषध आहे. दोन महिने रोज दोन ओळी लिहा. आणि त्या वाईट दिवसांतच एकदा या."

तिनं माझ्यातच लिहिलं. 'छकुली आई आई करत होती. ऐकू आलं. उठावं वाटलं न्हाई.' मंग, 'विहिरीवर गेल्ते. बघत बसले.' पुढं चार दिवस एकच ओळ, 'काहीच वाटलं न्हाई.' मी पुठ्ठा, मला काही वाटायचा प्रश्नच नाही. तिला का वाटू नये?

आसराबाई शाळेत गेली नाही, दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकली. काल तिनं मला बोट ठेवून वाचलं. रात्री सुनेच्या खोलीतच झोपली.

बायांनो, बऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन माझ्यासारखीचं पोट भरू नका. एवढंच मागणं.

"आज नेलं आन् रस्त्यात पाळी आली तर दर्शन जाईल," भुजंगनं मला हिसकलं. "बरी झाली की नेतो!"

तेव्हा शिवकन्या दाराला धरून उभी राहिली. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात राग नाही. भुजंगची पकड सुटली आणि मी आसराबाईच्या पिशवीत गेले, ते शिवकन्येच्या या एका वाक्यानं:

"आजच न्या मला, बरी झाले की मी पुन्हा डॉक्टरला सांगेन, सगळं ठीक हाय."