माझ्या पाठीवर न बोललेली गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि रोह्याजवळ वरसे गावी एका गोठ्यात गंजत उभी आहे. ज्या वर्षी वाल भरघोस पिकला, त्या वर्षी केरूआबांनी मला पेणहून आणले. मालूकाकींनी हार घातला. त्यांचा मुलगा आदर्श माझा आरसा नित्य लख्ख ठेवी.

माझा एक गुण मात्र कोणी वाखाणला नाही. माझ्यावर बसलेल्या दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. म्हणून समोरासमोर जे ओठांवर येत नाही, ते माझ्यावर सहज बोलता येते. "लग्न करीन तर मैनाशीच," हे आदर्शने बापाला माझ्यावरच सांगितले.

पुढे आदर्शच्या मानेत गाठ आली. पेणच्या डॉक्टरांनी कर्करोगाचे निदान केले. परतताना आम्ही गडब गावी चहाच्या टपरीवर थांबलो. आदर्श पाणी आणावयास गेला, तसे आबा टपरीवाल्या मित्राला, जनूला म्हणाले, "औषधानं पोरगा बरा होईल, पन मग बाप व्हायचा नाय कदाचित. त्याआधी पनवेलला त्याचं वीर्य गोठवून ठेवा, म्हनतो डॉक्टर. तुम्हीच त्याला समजवा, म्हनतो."

"मग सांग की!"

"बापानं लेकाला? कसल्या तोंडानं?"

"तोंड कशाला दाखवतोस? मागं बस नि कानात बोल!" जनू हसला.

आबा मागे बसले. नागोठण्यापर्यंत पुनःपुन्हा खाकरले.

"काय आबा?"

"पेट्रोल हाय ना?"

"हाय."

औषधे सुरू झाली. आदर्श बरा झाला. मैना सून होऊन आली, परंतु पाळणा हलला नाही. मालूकाकी टोचत, "माझ्या पोरानं यमाला परतवलान, नि तुला एक पोर होत नाय गो?" आबा ते ऐकत आणि वैरण टाकण्यास उठत.

अखेर मूल का होत नाही, हे तपासून घेण्यास आदर्श पेणच्या त्याच डॉक्टरांकडे गेला. आबा सोबत होते. परतताना तो पुढे पाहतच म्हणाला, "आबा, डॉक्टरनं तवाच तुम्हाला सांगितलेलं, व्हय?"

मागून आवाज आला, "पेट्रोल हाय ना?"

आदर्शने मला थांबवले, उतरून बापाच्या तोंडाकडे पाहिले आणि एकटाच चालू लागला.

त्यानंतर ते दोघे माझ्यावर बसले नाहीत. आदर्शनेही लाजेने आईला काही सांगितले नाही. टोमणे मैनाच ऐकते.

मित्रांनो, माझी साखळी गंजली तर नवी मिळेल. पण औषधापूर्वीचे बोलणे औषधानंतर कोणाच्या उपयोगाचे? डॉक्टर जे सांगतील, ते आजाऱ्याला वेळेत सांगा. लाज वाटली तर मागे बसून सांगा.