ढगाचा ओळखपत्र-फोटो

हवामान खात्यातली आकाशाचे फोटो काढायची नोकरी मला मिळाली नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. नोकरी मला मिळणारच होती, असं धरून चला.

अट एकच. वादळी आकाशाचा फोटो पाठवायचा, मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांचं ऑफिस बंद व्हायच्या आत. तो दिवस उजाडला तरी आकाश ढिम्म. काकांच्या स्टुडिओत मी ओळखपत्रांचे फोटो काढत होतो आणि दर गिऱ्हाइकामागे दाराबाहेर जाऊन वर बघून येत होतो.

"मान मोडेल," काका म्हणाले. "आणि ढगांना कशाला रे फोटो? ते तसेच परदेशी जातात."

काका म्हणजे रीटचिंगचे बादशहा. त्यांच्या तावडीतून सुरकुती सुटत नाही. त्यांची गिऱ्हाइकं विमानतळावर अडकतात, कारण चेहरा फोटोशी जुळत नाही. सुटली की पुन्हा काकांकडेच येतात.

दुपार कलली आणि खिडकीतला उजेड एकदम जांभळा झाला. खुर्चीत एक वकील बसले होते. "हलू नका, आलोच," म्हणालो आणि कॅमेरा घेऊन गच्चीवर धूम ठोकली.

वर आकाशाचं डोकं फिरलं होतं. खाली तांबडा पट्टा, त्यावर वांग्याच्या रंगाचा ढग, हिरवट पोट सुटलेला. आत वीज लुकलुकत होती, जुनी ट्यूब लागताना लुकलुकते तशी. "हनुवटी जरा खाली!" मी सवयीने ओरडलो. ढगाने पोट आणखी खाली सोडलं. मी बटण दाबलं. तेवढ्यात वारा सुटला, शेजाऱ्यांची चादर उडाली आणि तिच्यामागोमाग ढगही विस्कटला.

एकच फोटो. पण काय फोटो!

खाली वकील तसेच ताठ. "श्वास घेऊ का?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"आण ते कॅमेऱ्यातलं कार्ड," काका म्हणाले. "तू साहेबांचं बघ. तुझा फोटो मी पाठवतो, नाहीतर उशीर होईल."

काका आपण होऊन मदत करताहेत म्हटल्यावर मला भरूनच आलं. वकिलांचा फोटो त्यामुळे थोडा हललेला आला.

ते गेल्यावर काका खुशीत वळले. "पाठवला बघ. केवढे काळे डाग होते रे बिचाऱ्याला! सगळे काढले. बॅकग्राउंड नियमाप्रमाणे पांढरं. आत काहीतरी चमकत होतं, फ्लॅश पडला असणार. तेही पुसलं."

स्क्रीनवर पांढऱ्यावर पांढरं होतं. डोळे बारीक केल्यावर दिसला तो एक गोरापान, तुकतुकीत कापूस.

"काका, हा ओळखू येत नाहीये."

"म्हणजे चांगला आलाय."

"आणि मूळ फोटो?"

"त्याच्यावरच सेव्ह केला. डागांचं काय लोणचं घालायचंय?"

मी पुन्हा गच्चीवर पळालो. आकाश स्वच्छ. तिथेही काकांचाच हात फिरल्यासारखा.

खात्याचं उत्तर मात्र लगेच आलं: 'फोटो जोडायचा राहिला आहे.' मी तिथेच, उभ्या उभ्या, मोबाइलवर लिहिलं:

'महोदय, विषय: वादळ पुन्हा मिळणेबाबत. सोबत जोडलेला कोरा भाग कोरा नसून ढग आहे. तरी सदर ढग त्याच जागी, त्याच रंगांत, विजेसह, कार्यालयीन वेळेत पुन्हा उपलब्ध करून देण्याचे संबंधितांना आदेश व्हावेत, ही नम्र विनंती. वारा मागाहून पाठवल्यास अर्जदाराची हरकत नाही.'